सुटलेले चार टाके

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेचा उपसागर जिथे अटलांटिकला मिळतो तिथे, तोंडावरच अरनची तीन बेटं आडवी पडली आहेत. थोरलं इनिशमोर, धाकटं इनिशीर आणि मधलं इनिशमान. मधल्याचा पसारा जेमतेम नऊ चौरस किलोमीटरचा, वस्ती आज दोनशेच्या आत. झाड जवळजवळ औषधालाही नाही. सगळा उघडा चुनखडक, आणि त्यावर आपल्या कोकणात घालतात तसे नुसते दगडावर दगड रचलेले गडगे. एवढ्याशा खडकांनी जगाला नाटकं दिली, सिनेमे दिले, कविता दिल्या, टीव्हीवरची एक वेडी विनोदी मालिका दिली आणि एक लोकरी स्वेटर दिला. स्वेटरची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते, पण तिला थोडं थांबावं लागेल.

जॉन मिलिंग्टन सिंग तिथे पहिल्यांदा गेला तो 1898 च्या मे महिन्यात. डब्लिनजवळच्या प्रॉटेस्टंट, जमीनदार घरातला मुलगा. पॅरिसमध्ये राहून फ्रेंच लेखकांवर काहीबाही लिहीत होता आणि त्यातलं काही फारसं जमत नव्हतं. तिथे त्याला कवी येट्स भेटला आणि म्हणाला, अरनला जा. अशा सल्ल्यांचं सहसा काही होत नाही, इथे झालं. सिंग आधी इनिशमोरला उतरला, तर ते त्याला फारच सुधारलेलं वाटलं; म्हणून काही दिवसांत तो होडीने इनिशमानला गेला. प्रवाशाची ही जुनी खोड आहे. आपण उतरतो ते बेट नेहमीच थोडं बाटलेलं असतं, खरं बेट पलीकडचं.

पुढे 1902 पर्यंत तो दरवर्षी तिथे काही आठवडे राहून आला. त्याचं ‘द अरन आयलंड्स’ हे पुस्तक 1907 मध्ये छापून आलं. त्यात काही पानं फार भाबडी आहेत. गरिबीकडे पाहून गहिवरणाऱ्या पाहुण्याची. पण मधेच असं काही येतं की आपण पुस्तक खाली ठेवून विचार करत बसतो. तिथल्या घरांना समोरासमोर दोन दारं असतात, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. वारा ज्या बाजूचा, ते दार बंद आणि दुसरं उघडं. उत्तरेचा वारा असला की दक्षिणेचं दार उघडं राहतं आणि चौकटीची सावली घरातल्या जमिनीवर सरकत जाते. त्या सावलीवरून घरातल्यांना वेळ कळते. वारा फिरला, दार बदललं की घड्याळच बंद! मग घरातली म्हातारी सिंगला सहाचा चहा तीन वाजताच आणून देई. वेळ वाऱ्याच्या मर्जीवर चालते, ही गोष्ट पॅरिसमध्ये बसून सुचणारी नाही. त्यासाठी तीन वाजता आलेला चहा निमूटपणे प्यावा लागतो.

त्याचे कातडी बूट धारदार खडकावर फाटले तेव्हा त्या घरच्यांनी त्याला कच्च्या कातड्याचे जोडे करून दिले. ते रात्री पाण्यात भिजवून ठेवावे लागतात, नाहीतर सकाळी लाकडासारखे कडक होतात. सिंग ते घालून चालायला शिकला. बेटावरच्या माणसांचं बोलणं त्याने कानात साठवलं, ते आयरिश वळणाने येणारं इंग्रजी आपल्या नाटकांत आणलं. 1904 मध्ये डब्लिनला ‘रायडर्स टू द सी’ रंगभूमीवर आलं. एका अंकाचं नाटक, पाऊण तासही लागत नाही.

नाटकात मौर्या नावाची म्हातारी आहे. नवरा, सासरा आणि एकामागून एक मुलगे समुद्राने नेलेले. मायकेल बेपत्ता होऊन काही दिवस झालेत आणि दूर डॉनेगलच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं आहे. त्याच्या अंगावरचा सदरा आणि एक पायमोजा गाठोड्यात बांधून घरी आलाय. म्हातारीला चाहूल लागू न देता कॅथलीन आणि नोरा या दोघी बहिणी ते सोडतात. सदऱ्याने काहीच ठरत नाही. तशा फ्लॅनेलचे तागे गॉलवेच्या दुकानात ढिगाने पडलेत, तसा सदरा कुणाचाही असेल. मग नोरा मोजा हातात घेते आणि टाके मोजते. तो तिनेच विणलेला असतो. साठ टाके घातले होते, त्यातले चार सुटले होते. ते चार सुटलेले टाके तिला सापडतात आणि भाऊ मेल्याचं नक्की होतं.

मला हा प्रसंग जगातल्या नाटकांतल्या थोड्या खऱ्या प्रसंगांपैकी वाटतो. ओळख पटते ती चुकीवरून. नीट विणलेला मोजा कुणाचाही असता. जर्मन नाटककार ब्रेख्तने 1937 मध्ये याच नाटकावरून स्पॅनिश यादवीतल्या एका आईचं नाटक केलं. डेरेक वॉलकॉटने 1954 मध्ये ते उचलून आपल्या कॅरिबियन बेटावर, सेंट लुशियाला नेलं. एका बेटाचं दुःख दुसऱ्या बेटाला बरोबर बसलं.

आता स्वेटर. दोरखंडासारखे पीळ, मधमाश्यांचं पोळं, चौकटी, सगळ्या पांढऱ्या लोकरीत. दुकानदार सांगतात की अरनवर प्रत्येक घराण्याची वीण पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, म्हणजे बुडालेल्याचं प्रेत कितीही दिवसांनी सापडलं तरी स्वेटरवरून कुळ ओळखावं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण घराण्याघराण्याच्या विणीला कसलाही पुरावा नाही. असे स्वेटर बेटावर विणू लागले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या कोळ्यांच्या स्वेटरांवरून. 1936 मध्ये हाइन्झ कीवे नावाच्या वस्त्रव्यवसायातल्या एका गृहस्थाने डब्लिनच्या दुकानात असा एक स्वेटर पाहिला आणि त्याचं नातं थेट प्राचीन केल्टिक कोरीवकामाशी जोडून दिलं. आणि प्रेत ओळखण्याची कथा? ती बहुधा नोराच्या मोज्यातूनच आली. फक्त वाटेत सुटलेल्या टाक्यांचं निर्दोष घराणेदार नक्षीकाम झालं. चुकलेला मोजा कोण विकत घेणार? 1960 च्या सुमाराला क्लॅन्सी बंधू अमेरिकेत हे स्वेटर घालून आयरिश गाणी म्हणू लागले आणि बेटावरच्या बायकांच्या सुयांना उसंत उरली नाही. नाटकातल्या खोट्या मोज्याने खऱ्या घरांत पैसे आणले. याचा राग यावा असं मला फार वाटतं, पण येत नाही.

रॉबर्ट फ्लॅहर्टीचा येतो. हा अमेरिकन दिग्दर्शक इनिशमोरवर मुक्काम ठोकून राहिला आणि 1934 मध्ये त्याने ‘मॅन ऑफ अरन’ केला. व्हेनिसला परदेशी चित्रपटाचं मोठं बक्षीसही मिळालं, मुसोलिनीच्या नावाचं. पडद्यावरचे नवरा, बायको आणि मुलगा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दिसायला शोभतील अशी माणसं निवडून त्याने कुटुंब जमवलं. ते एक वेळ चालेल. पण सिनेमाचा गाभा म्हणजे छोट्या होडीतून भाल्याने केलेली महाकाय शार्कची शिकार. ती शिकार बेटावर कधीच बंद पडली होती. दिव्याला त्या माशाचं तेल लागे तो काळ पणजोबांबरोबर गेला होता. फ्लॅहर्टीने बेटावरच्या पुरुषांना भाला धरायला नव्याने शिकवलं. शिवाय तो बास्किंग शार्क, पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा, माणसाच्या वाटेला न जाणारा. वादळातल्या प्रसंगांसाठी त्याने माणसांना ज्या लाटांत घातलं त्याबद्दल पुढे त्यालाच स्वतःची लाज वाटली.

आणि तरीही त्या सिनेमात एक भाग असा आहे की तो पाहताना मी फ्लॅहर्टीला जवळजवळ माफ करतो. बेटावर माती नाही. बाई पाठीवर टोपलीतून ओल्या समुद्री शेवाळाचं ओझं वाहते, पाणी निथळतंय, वारा तिला लोटतोय. पुरुष घणाने खडक फोडून सपाट करतो, फटी दगडचिपांनी बुजवतो. मग वाळू, त्यावर शेवाळ, आणि खडकाच्या भेगेत बोटं खुपसून काढलेली मूठ-मूठ माती. या थरांवर बटाटा लावायचा. ही मात्र कुणी शिकवलेली गोष्ट नव्हती, अरनमधले वाफे खरोखर असेच झालेत. जमीनदाराला खंड द्यायचा तो अशा, स्वतःच्या पाठीवरून आणलेल्या जमिनीचा. हा खंडाचा भाग फ्लॅहर्टीने गाळला. त्याला माणूस विरुद्ध समुद्र हवा होता, माणूस विरुद्ध जमीनदार नव्हे.

बेटावर जन्मलेल्यांनीही लिहिलं, पण लांबून. लियम ओफ्लॅहर्टी 1896 मध्ये इनिशमोरवर जन्मला. त्याच्या कथांतली गाय, समुद्रपक्षी आणि शेतकरी बायका सिंगच्या माणसांहून कितीतरी कोरड्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. मार्टिन ओ डिरान हा त्याच बेटावरचा कवी. त्याने आयुष्य डब्लिनमध्ये सरकारी कारकुनीत काढलं आणि कविता आयरिशमध्ये केल्या, त्यांत बेटावरचा दगड फिरून फिरून येतो. बाहेरचा सिंग बेटावर राहून लिहितो आणि आतला ओ डिरान ऑफिसात बसून. मला दुसऱ्याचं ओझं जड वाटतं.

पण बेटांभोवती जमलेली ही थोरवी कुणीतरी उतरवायलाच हवी होती. टीव्हीवरच्या ‘फादर टेड’ मालिकेतल्या वेड्या पाद्र्यांचं क्रॅगी आयलंड काल्पनिक, पण सुरुवातीच्या दृश्यात दिसतं ते गंजलेलं जहाज इनिशीरचं, 1960 मध्ये वादळात खडकावर चढलेलं ‘प्लासी’. बेटावरच्या माणसांनी तेव्हा दोर टाकून अकराही खलाशी जिवंत काढले होते. मग लंडनमध्ये वाढलेला नाटककार मार्टिन मॅकडोना आला. याच नावाच्या इनिशमानच्या एका तरुणाने सिंगला आयरिश बोलायला शिकवलं होतं, हा योगायोग. मॅकडोनाच्या 2022 च्या ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ या चित्रपटातलं बेट नकाशात नाही, ते त्याने इनिशमोर आणि अकिल या दोन बेटांवर चित्रित करून जोडून घेतलं.

माझं मन मात्र त्याच्या 1996 च्या ‘द क्रिपल ऑफ इनिशमान’ या नाटकावर. काळ 1934, शेजारच्या बेटावर फ्लॅहर्टीचं चित्रीकरण चाललंय. आत्यांसारख्या दोन बायांनी वाढवलेला अपंग बिली होडीने तिकडे जातो आणि तिथून हॉलिवूडला. तिथे त्याला नाकारून एका धडधाकट अमेरिकन नटाला अपंगाची भूमिका देतात, कारण त्याला लंगडणं जास्त चांगलं जमतं. पुढे एके दिवशी इनिशमानवर चादर टांगून ‘मॅन ऑफ अरन’ दाखवतात. शार्क काही केल्या मरत नाही. मंडळी कंटाळतात, आपापसांत भांडतात, हेलन नावाची पोरगी हातातली अंडी नेम धरून पडद्यावर फेकते. शार्क अजून भाल्याशी झुंजतोच आहे.