स्नेक प्लांटला फूल येतं?

येतं! हे आधीच सांगून टाकतो, कारण ऑफिसात ज्याला ज्याला सांगितलं त्याने "काहीही काय" असाच चेहरा केला. लिफ्टच्या बाजूला, बँकेत, मीटिंग रूमच्या कोपऱ्यात सगळीकडे उभं असलेलं हे झाड आपण जवळजवळ फर्निचरमध्येच धरतो. पण कुंडीतल्या झाडालाही पांढरट-हिरवट फुलांचा उभा तुरा येऊ शकतो. फुलं रात्री उमलतात, गोडसर वास सुटतो आणि दांड्यावर मधासारखे चिकट थेंब जमतात.

मी याच्या मागे लागलो ते आईमुळे. बाबा गेल्यावर चिंचवडचं घर सोडून ती आमच्याकडे आंबीला आली, तेव्हा सोबत ही एक कुंडी आणली. बाबांनी लावलेली. चिंचवडच्या गॅलरीत तिला एकदा फूल आलं होतं म्हणे, मी तेव्हा बंगलोरला होतो. आईला काचबिंदू आहे, आणि त्यात गेलेली नजर परत मिळत नाही. "दिसलं नाही तरी वास येईल ना रे," म्हणते. आता बोला!

गंमत म्हणजे आमचा भाग फुलांचाच. तळेगाव एमआयडीसीचा फ्लोरिकल्चर पार्क आमच्या बाजूलाच आहे. तिथल्या पॉलिहाऊसमधले गुलाब १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी तयार करायचे तर साधारण सात-आठ आठवडे आधी छाटणी करतात. मग पाणी, खत, तापमान यांचं गणित सांभाळलं की कळ्या वेळेवर हजर. असं रिलीज प्लॅनिंग आमच्या एकाही मॅनेजरला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

स्नेक प्लांटला अशी तारीख देता येत नाही. खात्रीचं बटणही कुठे नाही, फक्त शक्यता वाढवता येते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उजेड. "कमी उजेडात जगतं" ही याची जाहिरात खरी आहे, पण जगणं वेगळं आणि फुलणं वेगळं. अंधाऱ्या पॅसेजमध्ये ते वर्षानुवर्षं नुसतं तग धरतं. म्हणून आमची कुंडी टीव्हीच्या बाजूने उचलून पूर्वेच्या खिडकीत नेली. तीही हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत, एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं करपतात. मावळातल्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, त्यामुळे ऑक्टोबरनंतरचं ऊन वाया घालवायचं नाही.

दुसरं म्हणजे कुंडी बदलायची घाई नको. जमिनीखालचं खोड दाटीवाटीने भरलेल्या जुन्या झाडाला फूल येण्याची शक्यता जास्त, असा अनेकांचा अनुभव आहे. (हे खोड इतकं दांडगं की प्लास्टिकची कुंडी फोडतं.) पाणी माती पूर्ण सुकल्यावरच, थंडीत तर महिन्यातून एकदा पुरतं. प्रेमाने रोज तांब्याभर घातलंत तर मुळं कुजतात. नत्राचं खत भरपूर दिलंत तर पानं माजतात. थोडक्यात, उजेडाचे लाड आणि बाकी सगळ्याची उपासमार.

पण खरी मेख पुढेच आहे. पानांच्या ज्या झुबक्यातून तुरा निघतो, त्याचा वाढता शेंडाच फुलात संपतो. त्या झुबक्याला पुन्हा नवीन पान येत नाही. असलेली पानं पुढे बरीच वर्षं हिरवी राहतात, बाजूने पिल्लं फुटतात, पण तो झुबका तिथेच थांबतो. हे वाचलं आणि माझा उत्साहच गेला. बाबांच्या हातचं झाड, ते मुद्दाम थांबवायचं? दोन शनिवार कुंडी कुठे ठेवायची यावर नुसता विचार केला. शेवटी आईला सांगितलं.

ती हसली. "अरे, चिंचवडला फुललं तेव्हाच यांनी लावलेलं थांबलं की. तू ज्याला इतका जपतोयस ती त्याची पिल्लं आहेत."

लॉजिकमध्ये बग नव्हता. कुंडीत नीट बघितलं तर मधली दोन-तीन पानं जुनी, टोकाला वाळलेली, आणि भोवती चार तरुण झुबके. त्यातल्या सगळ्यात दाट झुबक्याकडे आईने बोटांनी चाचपून आपला कौल दिला आहे. फूल अजून नाही. या थंडीत येईल, पुढच्या उन्हाळ्यात येईल किंवा येणारही नाही. तिची खाट मात्र त्या खिडकीजवळ सरकवून झाली आहे, आणि रात्री खिडकीची काच लावायला ती कोणालाही देत नाही. त्यामुळे डासांसाठी जाळी बसवणं हे या वीकेंडचं काम.