उंबऱ्याजवळचा उजेड

मी शिक्षक झालो त्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. आमच्या शाळेतील चित्रकलेचे गुरुजी मोठे रसिक गृहस्थ होते. मधल्या सुट्टीत आम्ही सारे चहात गुंतलेलो असताना ते कपाटातून एखादे चित्रांचे पुस्तक काढीत आणि जो हाती सापडेल त्याच्यापुढे ते उघडून धरीत. एके दिवशी मी सापडलो. "हे पाहा," एवढेच ते म्हणाले.

पानभर एक चित्र होते. एक रिकामी खोली, समोर खिडकी आणि खिडकीबाहेर लोखंडी नक्षीचा कठडा. खोलीत तीन मजूर गुडघे टेकून, कमरेपासून वर उघडे, लाकडी जमीन तासीत होते. आपल्या सोलापूरकडे घरात शहाबादी फरशी असते. पॅरिसमधील श्रीमंतांच्या घरांत मात्र फळ्यांची जमीन असे आणि ती तासणे हे मोठे कष्टाचे काम होते. लाकडाच्या वेटोळ्या साली जमिनीवर विखुरल्या होत्या. एका बाजूस बाटली आणि पेला होता. मजुरांच्या माना खाली झुकल्यामुळे त्यांचे चेहरे नीट दिसत नव्हते. परंतु खिडकीतून आलेला उजेड त्यांच्या पाठींवर, दंडांवर आणि ओल्यासारख्या चकाकणाऱ्या फळ्यांवर असा उतरला होता की, नजर तेथून हलेना.

गुस्ताव कायबोत या तरुण चित्रकाराने हे चित्र १८७५ साली रंगवले. पॅरिसच्या मानाच्या वार्षिक प्रदर्शनाने ते नाकारले. उघड्या अंगाने राबणारे शहरी मजूर हा का चित्राचा विषय, असे परीक्षकांना वाटले असावे! पुढच्याच वर्षी मोने, रन्वार, दगा या चित्रकारांनी स्वतःच भरवलेल्या प्रदर्शनात ते झळकले. या मंडळींना दृक्प्रत्ययवादी म्हणतात. एखादी वस्तू त्या क्षणीच्या उजेडात डोळ्यांना कशी भासते, ते रंगांत पकडण्याचा त्यांना ध्यास होता. कायबोत स्वतः धनिकाचा पुत्र होता; त्याच्या वडिलांनी सैन्याला कापड पुरवून संपत्ती मिळवली होती. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या मला या माहितीची मोठी गंमत वाटली. आज ते नाकारलेले चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

गुरुजी हे सारे उत्साहाने सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमची खोली उभी राहिली होती.

माझी आई विड्या वळीत असे. सोलापुरात हजारो घरांतून हे काम चाले, आजही चालते. रात्री भिजवलेली टेंभुर्णीची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून ते कात्रीने बेतायचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधायचा आणि टोक दुमडायचे. अशा हजार विड्या झाल्या म्हणजे मजुरी. फाटक्या किंवा छिद्र पडलेल्या पानाची विडी कारखान्यात बाजूला काढली जाई आणि तिचे पैसे मिळत नसत. म्हणून आई मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसे. आमच्या खोलीत उजेड येत असे तो तेवढ्याच जागी. दिवसा विजेचा दिवा लावणे आम्हांला परवडणारे नव्हते.

मी सातवीत असताना वर्गातील दोन मित्र अभ्यासासाठी घरी येणार होते. एकाचे वडील वकील होते. ते गल्लीच्या टोकाशी दिसताच मी आईला म्हणालो, "आई, तू आत बस ना. दारात तंबाखूचा वास येतो."

आईने माझ्याकडे एकदाच पाहिले. मग सूप उचलून ती आतल्या कोपऱ्यात जाऊन बसली. मित्र दोन तास होते. तेवढा वेळ अंधारातून कात्रीचा आवाज येत होता आणि मधूनच तिचा खोकला. त्या आठवड्यात तिच्या किती विड्या परत आल्या, ते मी विचारले नाही. त्यानंतर मात्र मला काही सांगावे लागले नाही. गल्लीत मुलांची चाहूल लागली की, ती आपणहून आत जाऊ लागली. पुढे पुढे तर तिची जागाच ती झाली.

घंटा झाली. गुरुजींनी पुस्तक मिटले. त्या दिवशी पुढच्या तासाला मी वर्गात काय शिकवले, कोण जाणे.

संध्याकाळी घरी गेलो. दार पश्चिमेला होते आणि ऊन उंबऱ्यावरून आत आले होते. आई कोपऱ्यात, पान अगदी डोळ्यांजवळ धरून बेतीत होती. मी चप्पल काढली, तिच्या मांडीवरचे सूप उचलले आणि उंबऱ्याशी नेऊन ठेवले.

"अरे, कुणी आलं म्हणजे?" ती म्हणाली.

"येऊ दे."

ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग भिंतीला हात टेकीत उठली आणि उंबऱ्याशी येऊन बसली. मी तिच्यासमोर बसलो आणि वळलेल्या विड्या पंचवीस-पंचवीस मोजून त्यांच्या जुड्या बांधू लागलो. पहिली जुडी तिने उजेडात धरून पाहिली, गाठ सोडली आणि मला पुन्हा बांधायला दिली.