उन्हाळ्यातलं अहमदाबाद आणि आमचं तापलेलं गॅरेज

मे महिन्यात अहमदाबादला फिरायला जाऊ नका, असं तुम्हाला कुणीही सांगेल. मी मात्र गेल्या वर्षी ऐन मे महिन्यातच गेले आणि परत येताना फाफडा-जिलेबीबरोबर आमच्या गॅरेजवरचा उपायही घेऊन आले.

आम्ही बडोद्याचे. घराच्या मागे, अंगणापलीकडे आजोबांनी बांधलेलं स्वतंत्र गॅरेज आहे. चार भिंती, वर सिमेंटचे पत्रे आणि पुढे लोखंडी शटर. निवृत्त झाल्यापासून बाबा तिथे जुने रेडिओ दुरुस्त करत बसतात. गेल्या मे महिन्यात एका दुपारी ते घामाघूम होऊन बाहेर आले आणि ओट्यावरच आडवे झाले. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, वेळेवर बाहेर आलात म्हणून बरं.

त्या रात्री आई म्हणाली, ‘‘अहो, पुरे झालं आता. त्या भट्टीला कुलूप लावा.’’

बाबा हळूच म्हणाले, ‘‘लाव कुलूप. पण मग दिवसभर मी करू काय, तेही सांग.’’

आईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. एसी लावायचा विचार केला, पण तापलेल्या पत्र्याखाली एसी म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. त्याच आठवड्यात कामानिमित्त अहमदाबादला जायचं होतं. बडोद्याहून रेल्वेने जेमतेम दोन तासांचा प्रवास. मी एक दिवस जास्त राहिले.

पोळांमधली सावली

अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. तुम्ही गेलात तर सकाळी कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघणारा हेरिटेज वॉक चुकवू नका. अरुंद गल्ल्यांमधून चालत तो जामा मशिदीपाशी संपतो. मोठ्या रस्त्यावरून पोळात शिरताच उन्हाचा चटका कमी झाल्याचं जाणवतं. घरं एकमेकांना खेटून उभी, त्यामुळे बाजूच्या भिंतींवर ऊन पडतच नाही. समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात.

अशा घरात मधोमध आकाशाला उघडा चौक असतो. अनेक घरांत चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं असतं. गरम हवा हलकी असते, ती चौकातून वर निघून जाते आणि गल्लीतली सावलीतली हवा दारातून आत येते. आमच्या गॅरेजमध्ये नेमकं हेच होत नव्हतं. शटर उघडलं तरी वरची गरम हवा पत्र्याखाली कोंडलेली, कारण तिला बाहेर पडायला वाटच नव्हती.

पांढरं छप्पर, लाकडी झडपा

दुपारी साबरमती आश्रमात गेले. तिथलं चार्ल्स कोरिया यांनी उभारलेलं संग्रहालय १९६३ चं. उतरती कौलारू छपरं, मधे पाणी आणि काचेच्या खिडक्यांऐवजी लाकडी झडपा. हव्या तेवढ्या उघडा, वारा आत, ऊन बाहेर.

संध्याकाळी ‘संगाथ’ पाहिलं. पुण्यात जन्मलेले आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचं हे कार्यालय. जायचं असेल तर अगोदर विचारून जा. अर्धी इमारत जमिनीत उतरलेली आणि वरच्या कमानदार छपरांवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचं आवरण. पांढरा रंग ऊन परतवतो, जमीन गारवा धरते.

२०१० च्या उन्हाळ्यात या शहराने उष्णतेची जीवघेणी लाट सोसली. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांमधली छपरंही पांढरी रंगवली गेली. म्हणजे हे फक्त मोठ्या वास्तुविशारदांचं काम नाही, चुन्याची बादलीही पुरते.

परत आल्यावर आम्ही काय केलं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी उष्णता अडवा, मग हवेला वाट द्या, पंख्याचं शेवटी बघा.

पत्र्यांवर बाहेरून ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. तुमचेही सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते घासू, कापू किंवा त्यांना भोकं पाडू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. त्यावर पाय देऊन चढूही नका, पत्रा तुटतो. म्हणून आम्ही आतलं छतही पत्र्याला न टांगता भिंतींवर आधार घेऊन बसवलं. खाली जिप्सम बोर्ड, त्यावर रॉकवूलचा थर आणि पत्र्यापर्यंत मोकळी जागा. त्या जागेतली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांच्या भिंतींत जाळ्या ठेवल्या.

थर्मोकोल स्वस्त पडतं, पण ते उघडं लावू नका. ते भराभर पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. गॅरेजमध्ये पेट्रोल असतं, बाबांची तर सोल्डरिंगची कामंही चालतात.

मग खोलीसाठी वाट केली. उत्तरेच्या भिंतीत, जिथे सावली असते तिथे, जमिनीपासून वीतभर वर जाळी बसवली. समोरच्या भिंतीत छताला लागून एक्झॉस्ट फॅन. हवा खालून येते, वरून जाते. दोन्ही तोंडं एकाच उंचीवर असती तर इतका फायदा झाला नसता. पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालतीचा वेल चढवला. एक नियम आईने भिंतीवर लिहून लावला आहे : शटर बंद असताना गाडी सुरू करायची नाही. पंखा चालू असला तरी नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

खरं सांगायचं तर गॅरेज काही माथेरान झालं नाही. भर दुपारी अजूनही उकडतं आणि एक ते चार बाबांनी घरात यायचं, असा तह झाला आहे. पण पत्र्याखाली डोक्यावर निखारे ठेवल्यासारखं वाटायचं, ते आता वाटत नाही. संध्याकाळी पाचला तिथे बसवतं.

या मे महिन्यात एका संध्याकाळी आई चहाचे दोन कप घेऊन मागे गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी जाऊन पाहिलं, तर ती बाबांच्या स्टुलावर बसून नुकताच दुरुस्त झालेला रेडिओ ऐकत होती. कुलूप अजून स्वयंपाकघराच्या खिळ्यालाच लटकलेलं आहे.