लादीची धूळ कोणाच्या छातीत?

मोरी हा आपल्या माणसांच्या घरातला सर्वांत राबता कोपरा. धुणे तिथेच, भांडी तिथेच आणि मुलांची अंघोळही तिथेच. दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी जागा असते कुठे? या मोरीची लादी फुटली की पाणी झिरपते, खालच्या घरवाल्यांशी कुरबूर सुरू होते आणि म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो. मिस्त्रीला बोलवावे तर बारा लाद्यांच्या कामाला सहसा कोणी येत नाही. आला तर पूर्ण दिवसाची मजुरी मागतो, आणि ते रास्तच आहे, कारण त्याचाही दिवस मोडतो. म्हणून यंदा हे काम आम्ही घरच्या घरी केले. ते कसे केले, आणि लादी कापता कापता काय उमगले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आम्हाला शिकवले ते चाळीतल्या मिस्त्रीमामांनी. सत्तावीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरांत लाद्या बसवल्या. आता काम सुटले आहे. दोन जिने चढायचे तर ते मध्ये तीनदा थांबतात. उंबऱ्याशी खुर्ची टाकून ते बसले. कापायला बसली आमची बारावीतली लेक, आणि सिमेंट कालवायला आम्ही व आमच्या सहचारिणी.

"मामा, ग्राइंडर भाड्याने आणू का?" आम्ही विचारले.

"ग्राइंडरनं पाच मिनिटांचं काम आहे, साहेब," मामा म्हणाले. "पण या खोलीत मी ग्राइंडर लावू देणार नाही. पोरगी बसलीय इथं."

तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ आमच्या पुरता ध्यानात आला नाही. मामांनी हातकटर आणायला लावला. हे एक साधे अवजार असते. दोन दांड्यांवर सरकणारी मूठ आणि तिच्या टोकाला अतिकठीण धातूचे बारीक चाक. सिरॅमिक लादीचे अंग भाजलेल्या मातीचे, आणि वर काचेसारखा चकचकीत थर. ते चाक त्या थरावर फक्त एक चीर पाडते. मग मूठ दाबली की लादी त्याच चिरेवर तुटते. म्हणजे लादी खरे तर कापायची नसते, तिला कुठे तुटायचे ते दाखवून द्यायचे असते.

"एकदाच ओढ, पोरी," मामा सांगत होते. "पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत सारखा जोर. परत परत फिरवलंस तर काठ कुरतडतो."

कापण्याआधी मापे घेतली. मोरी ३ फूट ७ इंच लांब आणि २ फूट ९ इंच रुंद. लादी एक फुटाची. म्हणजे लांबीत तीन अखंड लाद्या आणि ७ इंचांची पट्टी, रुंदीत दोन अखंड आणि ९ इंचांची पट्टी. एकूण बारा लाद्या, त्यांतल्या सहा अखंड आणि सहा कापायच्या. सांध्यांसाठी दोन-दोन मिलिमीटर सोडायचे, ते मापातून वजा करायचे. जादा म्हणून तीन लाद्या घेतल्या. मामांनी आधी सर्व लाद्या कोरड्याच मांडून पाहायला लावल्या. अखंड लाद्या दाराच्या बाजूला, नजरेसमोर, आणि कापलेले काठ भिंतीकडे. मोरीसाठी गुळगुळीत लादी घेऊ नये, खरखरीत पृष्ठाचीच घ्यावी. पाण्यासाठी जाळीकडे फुटामागे पाव इंच उतार ठेवावा. सिमेंटच्या मालावर बसवायची सिरॅमिक लादी आधी पाण्यात भिजवावी, नाहीतर ती मालातले पाणी शोषून घेते आणि पुढे सुटते. सांधे दुसऱ्या दिवशी भरावेत.

अडचण आली ती कोपऱ्यातल्या जाळीची. तिथे ७ बाय ९ इंचांच्या तुकड्याचा चार इंची कोपरा काढायचा होता. असा काटकोनातला काप हातकटरने निघत नाही. मामा हसले. "एकाच तुकड्याचा हट्ट कशाला? दोन करा." ७ बाय ५ चा एक आणि ३ बाय ४ चा दुसरा. दोन्ही सरळ काप. जाळीभोवती ते बरोबर बसले, फक्त एक सांधा वाढला. आम्ही बी.कॉम. केले, जन्मभर आकडे जुळवले, पण हा हिशेब आम्हाला सुचला नव्हता. ज्या माणसाला जग अडाणी म्हणते त्याच्या डोक्यात केवढी भूमिती असते!

संध्याकाळी काम संपले. लेकीने केर काढायला झाडू उचलला, तर मामा खुर्चीतून उठलेच. "झाडू नको! ओल्या फडक्यानं पूस." आणि मग ते बोलू लागले. सत्तावीस वर्षे ग्राइंडर चालवला तो कोरडा. तोंडाला रुमाल. बंद न्हाणीघरात समोरचा माणूस दिसू नये इतका धुरळा. पाणी मारले तर काम लांबते, आणि ठेकेदार तर लादीमागे पैसे देणारा. खोकला सुरू झाला तेव्हा टीबीची औषधे झाली. पुढे एका डॉक्टरांनी धंदा कोणता ते विचारले, छातीचा फोटो काढला आणि रोगाचे नाव सांगितले : सिलिकोसिस.

लादीच्या मातीत गारेचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात. ग्राइंडरची पाती त्यांचे इतके बारीक पीठ करते की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान कण हवेत तरंगतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालाने अडत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथे व्रण पडतात, फुप्फुस ताठरते. यावर बरे करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो, आणि अशा छातीला टीबी लवकर धरतो. १९४८ च्या कारखाना कायद्यातही हा रोग सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत होता. मध्य प्रदेशात मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत तो मोठ्या प्रमाणावर आढळला. ज्या पेन्सिलीने मुलांनी अक्षरे गिरवली, ती कापणाऱ्यांचा श्वास असा संपत होता.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या वाडवडिलांनी दगड, माती, चुना वाहिला, तो बहुतेक वेळा नाइलाजाने. बाबासाहेबांमुळे मुले शिकली, टेबलाशी बसली. लादलेले काम आपण नाकारले ते योग्यच केले. पण टेबलाशी बसल्यावर अवजाराला हात लावणेच कमीपणाचे वाटू लागले आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तो युक्तिवाद खोडून काढला आणि तिथे काम करणारी माणसेच एकाखाली एक रचली आहेत, हे दाखवले. काम हीन नव्हते, ते माथी मारणारी व्यवस्था हीन होती. आमच्या लेकीने हातकटर चालवला, यात आम्हाला अभिमानच वाटला.

पण नुसत्या अभिमानाने मामांचा श्वास मोकळा होत नाही. व्यासपीठावर आपण कष्टकऱ्यांचा जयजयकार करतो, आणि आपल्याच घरी मिस्त्री कोरडी लादी कापू लागला की धूळ नको म्हणून आतली खिडकी लावून घेतो. धूळ आपल्याला नको, मग त्याला का चालते? ज्याच्या घरात लादी बसते तोही आपला आणि बसवणाराही बहुतेक वेळा आपलाच. तथागतांनी सम्यक आजीव सांगितला. आपले पोट भरताना दुसऱ्याला इजा होऊ नये, असा आपण त्याचा अर्थ घेतो. मग आपले घर सजवतानाही तो लागू नको का?

म्हणून घरात काम काढणाऱ्यांनी एवढे करावे. सरळ काप हातकटरने करायला सांगावे. यंत्र लागणारच असेल तर पाण्याची नळी असलेला कटर आणायला सांगावा आणि काप उघड्यावर घ्यावेत. साध्या ग्राइंडरवर हाताने पाणी ओतू नये, विजेचा धक्का बसतो. यंत्र गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरच लावावे. ओल्या कापाला वेळ जास्त लागतो, त्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. २०२० च्या साथीनंतर एन-९५ मुखपट्टी सर्वांना माहीत झाली आहे. दोन आणून मिस्त्रीच्या आणि त्याच्या मदतनिसाच्या हातात द्याव्यात. शेवटी केर झाडू नये, ओल्याने पुसावा.

आणि जे स्वतः हे काम करतात त्यांनी खोकला-दम लागल्यास डॉक्टरांना आपला धंदा आणि किती वर्षे केला ते न विचारता सांगावे. अठरा ते साठ वयाच्या, गेल्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. फॉर्म भरायला अडचण असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी पुढे यावे. अर्ज भरणे हे आम्हा कारकुनांचे अवजार आहे, ते तरी आपल्या माणसांसाठी चालवू या.

पुढच्या महिन्यात आमच्या वस्तीच्या विहाराच्या पायऱ्यांना लादी बसायची आहे. श्रमदानाच्या बैठकीत मामांचा ठराव एकमताने मंजूर झाला : विहाराच्या आवारात एकही लादी कोरडी कापायची नाही. देखरेखीला मामा स्वतः बसणार आहेत. त्यांची खुर्ची पायरीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायची, हे आमच्या लेकीने आत्ताच सांगून ठेवले आहे.