प्रार्थनामंदिरांतील मेज

आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत पवित्र शास्त्र ठेवून वाचावयाचें एक जुनें देवदारी मेज आहे. गतवर्षीच्या नाताळापूर्वीं तें रंगविण्याचें आम्हीं मनांत आणिलें आणि नववींतील एका विद्यार्थ्यास मदतीस घेतलें. पदवीधर शिक्षकास कुंचला फिरविणें काय अवघड, अशी आमची समजूत!

हातीं दोनच दिवस होते. सकाळीं दिलेला हात सायंकाळींही बोटास चिकटत होता. "सर, अजून ओलें आहे," असें तो भीत भीत म्हणाला. "असूं दे, दुसरा हात जाड दे, म्हणजे सारें झांकेल," असें आम्हीं सांगितलें. नाताळच्या उपासनेंत मेजावरील ओघळ व सुरकुत्या सर्वांस दिसल्या. आणि शाळा भरतांच आम्हीं वर्गादेखत त्या मुलास निष्काळजी म्हटलें.

उन्हाळ्याच्या सुटींत एका वृद्ध सुतारांस तें मेज दाखविलें. त्यांनीं डोळे मिटून त्यावरून तळहात फिरविला. "रंगाआधींचें काम झालेंच नाहीं," एवढेंच ते म्हणाले. रंगाचा एक थर कागदाहूनही पातळ असतो; तो खळगा बुजवीत नाहीं, उलट चकाकीनें अधिकच दाखवितो. शिवाय तेलरंग नुसता सुकत नाहीं. हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तो घट्ट होतो. थर जाड असला कीं वर साय धरते, आंत ओलावा राहतो, व सुरकुत्या पडतात. म्हणजे दोष मुलाच्या हाताचा नव्हे, आमच्या आज्ञेचा होता. जूनमध्यें आम्हीं वर्गादेखतच त्याची क्षमा मागितली. (साऱ्या कामांत हेंच आम्हांस जड गेलें.)

पावसाळ्यांत लांकूड फुगतें व रंग लवकर वाळत नाहीं, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलों. जुना रंग मात्र मुलास दूर ठेवून, मुखपट्टी बांधून, पाण्यानें ओला करीत आम्हींच खरवडला. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें व त्याची धूळ मुलांस फार घातक. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें नसावें, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासूनचा. आमचें मेज त्याहून पुष्कळ जुनें.

मग दोघांनीं १२० व नंतर २२० अंकाच्या पॉलिश पेपरनें, लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच, तें घासलें. आडवे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. ओल्या फडक्यानें पुसतांच तंतू उभे राहिले. वाळल्यावर ते पुन्हां घासले. गांठींतून राळ पाझरून डाग पडूं नयेत म्हणून त्यांवर स्पिरिटांत विरघळविलेली चपडी लाख लाविली. अस्तर दिलें, खळग्यांत लांबी भरली, पुन्हां घासलें.

पुढें पातळ हात. प्रत्येकापूर्वीं ३२० चा पेपर हलकेच फिरवून व धूळ पुसून तो मुलगा मेजावरून तळहात फिरवी. दोन हात झाल्यावर, एका सायंकाळीं, आम्हीं तिसऱ्यासाठीं डबा उघडून बसलों होतों. त्यानें तळहात फिरविला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "उद्यां, सर."

आम्हीं डब्याचें झांकण लाविलें.