लाल घंटा कुणाची?

'अ' हा 'ब'च्या शेजारी बसलेला नाही. 'क'च्या समोर जो बसलाय, त्याला चहा आवडत नाही. तर मग 'ड' काय पितो?

बँकेची, एमबीएची, नाहीतर एमपीएससीची परीक्षा दिलेल्यांच्या अंगावर हे वाचूनच काटा आला असेल. मला मात्र ही कोडी जाम आवडतात. मास कॉमला असताना चर्चगेट ते वसई हा माझा रोजचा प्रवास. चौथी सीट मिळाली तर दोन कोडी, खिडकी मिळाली तर चार. फंडा एकदम सोपा. एक कोष्टक आखायचं. जे शक्य नाही तिथे फुली मारायची. फुल्या मारत गेलं की शेवटी एकच चौकोन उरतो, तेच उत्तर. यातलं सगळ्यात गाजलेलं कोडं 17 डिसेंबर 1962च्या 'लाइफ इंटरनॅशनल' मासिकात आलं होतं. पाच घरं, पाच देशांची माणसं, आणि प्रश्न काय, तर झेब्रा कुणाचा? लोक त्याला आइनस्टाइनचं कोडं म्हणतात. ते त्यानेच रचल्याचा पुरावा मात्र नाही.

ही अक्कल घरात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. 2024च्या नाताळात आली.

आमचं घर वसईतलं. केळीची वाडी, विहीर, मागे दोन नारळ. डिसेंबर उजाडला की पप्पा पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढायचे. ट्रंकेत नाताळ. लहानपणी आमची 'ट्री' म्हणजे वाळूने भरलेल्या डब्यात रोवलेली सुरूची फांदी. प्लास्टिकचं झाड नंतर आलं. चमचमते गोळे, झिरमिळ्या आम्ही मुली लावायचो. पाच वस्तू मात्र पप्पांच्या हातूनच लागायच्या. "आपण पाच जण, पाच वस्तू, प्रत्येकाची एक," असं म्हणत ते एकेक वस्तू उचलायचे आणि तिची गोष्ट सांगायचे. दर वर्षी त्याच गोष्टी. आम्ही डोळे फिरवायचो. ऐकतंय कोण?

ऑक्टोबर 2023मध्ये पप्पा गेले. त्या वर्षी ट्रंक उघडली नाही.

2024मध्ये उघडावी लागली, कारण ताई जानेवारीत टोरांटोला निघाली होती. नवऱ्याचा जॉब, पीआर, सगळं पक्कं. आई म्हणाली, "जाताना तुझी वस्तू घेऊन जा." आम्ही दोघी ट्रंकेपाशी मांडी घालून बसलो आणि एकमेकींकडे बघतच राहिलो. कुठली कुणाची, हे दोघींनाही धड आठवेना! आठवत होतं तेही एकमेकींशी जुळेना. त्यातून लाल काचेच्या घंटेवर दोघींचाही हक्क. ताईचं म्हणणं, पप्पांनी ती तिच्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी, म्हणजे 2002ला, कुवेतहून आणली. माझं म्हणणं, ती पुराच्या वर्षी पार्सलमधून आली. माझ्यासाठी.

आईला विचारलं. कणीक मळता मळता ती एवढंच म्हणाली, "पप्पांनी आणली. वर्ष कशाला हवं?"

झालं. मी वहीचं पान फाडलं आणि कोष्टक आखलं. आडवी पाच माणसं: आजी, पप्पा, आई, ताई, मी. उभ्या पाच वस्तू: क्रोशाचा देवदूत, चंदेरी चांदणी, फिल्मच्या डबीचा ढोल, लाकडी आंबा आणि लाल घंटा.

पहिला धागा पुराने दिला. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईत कुणी विसरणार नाही. आमच्या वाडीतही पाणी शिरलं. ट्रंक पलंगाखाली, म्हणजे थेट पाण्यात. तेव्हा आत जे जे होतं, त्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी खूण आजही आहे. म्हणजे डाग असला तर वस्तू जुलै 2005च्या आधीची, नसला तर नंतरची. पाचपैकी चार वस्तूंवर डाग होता.

देवदूत सोपा. आमच्या घरात क्रोशाची सुई आजीशिवाय कुणी हातात धरली नाही. आजीच्या नावावर बरोबरची खूण.

ढोल म्हणजे फिल्मरोलची काळी डबी, वर लाल घोटीव कागद. हा दोघींनाही आपण केल्यासारखा वाटत होता. झाकण उघडलं तर आत गोल कापलेला छापील कागद. चौथीचं 'शिवछत्रपती'! पुस्तकाचं पान कापल्याबद्दल घरात झालेला आरडाओरडा ताईला लगेच आठवला, पण मार कुणी खाल्ला ते आठवेना. मी चौथीत गेले 2006ला. ढोलावर पुराचा डाग. म्हणजे तो माझा असणं शक्यच नाही. मार ताईने खाल्ला, ढोलही तिचा.

चांदणीवरचा चंदेरी कागद थोडा उचकटला. खाली एका चुलतभावाची लग्नपत्रिका, मे 2003ची. डाग आहे, म्हणजे ती 2003 किंवा 2004च्या नाताळातली. कडेने शिवण घातलेली, पण टाके असे की वाकडी वाट बरी. आजीच्या हातचे ते नव्हेतच. सहा-सात वर्षांच्या मुलीचे, आणि ती मी.

आता लाकडी आंबा. तुम्ही म्हणाल, नाताळच्या झाडाला आंबा? आमच्याकडे लागतो! सावंतवाडीच्या चितार आळीतला, लाखेने रंगवलेला. आम्ही तिथे उतरलो होतो गोव्याहून परतताना. ओल्ड गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन दर दहा वर्षांनी असतं, 1994, 2004, 2014, 2024. आंब्यावर पुराचा डाग, म्हणजे 2014 बाद. 1994ला मी जन्मलेच नव्हते आणि मला तर त्या दुकानातला लाखेचा वास आठवतो. म्हणजे 2004. पप्पांना कुवेतहून दर दोन वर्षांनी रजा मिळायची. त्या डिसेंबरात ते आले होते. आंबा घेतला कुणी? त्याची किंमत आईला अजून तोंडपाठ, म्हणून मी तो आईच्या नावावर टाकला.

उरली घंटा, उरले पप्पा. बरोबरची खूण. ताईने टाळी वाजवली, "बघ! म्हणजे माझी नाही आणि तुझीही नाही."

पप्पांच्या गोष्टीशीही हे जुळत होतं. कुवेतच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार. तीन दिनार मागत होता, पप्पांनी दीडवर आणला. पैसे देता देता घंटा टेबलाला आपटली, काठाचा टवका उडाला. तरी घेतली. तो टवका दाखवल्याशिवाय पप्पा ती कधी झाडाला लावत नसत.

कोडं सुटलं होतं. मी पेन बंद करणार, तेवढ्यात घंटेची टोपी निघून हातात आली. म्हटलं, वर्षही लिहून टाकू. आतली तार स्वच्छ. ना गंज, ना गाळाचा कण. म्हणजे पुरानंतरची. ताईचं 2002 बाद, माझं पार्सल बरोबर. आणि टोपीवर बारीक इंग्रजी अक्षरं: वेस्ट जर्मनी.

नाताळची काचेची सजावट हा जर्मनीतल्या लाउशा गावाचा जुना धंदा. दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि कितीतरी कारागीर सीमा ओलांडून पश्चिमेला आले. तिथे बनलेल्या मालावर हा शिक्का यायचा. पण 3 ऑक्टोबर 1990ला दोन्ही जर्मनी एक झाल्या. पश्चिम जर्मनी नावाचा देशच उरला नाही. मग 2005ला कुवेतच्या बाजारात पंधरा वर्षांपूर्वीची घंटा?

"जुना स्टॉक असेल," ताई म्हणाली. असूही शकतो. लॉजिक इथे फुली मारू देत नव्हतं. पण खूणही करू देत नव्हतं.

मला राहवेना. आमचे अल्बम पुरात गेले, म्हणून दुसऱ्या दिवशी मामाकडे गेले. त्याचं घर उंचावर, तिथे पाणी चढलं नव्हतं. म्हटलं, निदान 2005च्या नाताळाचा एखादा फोटो सापडेल. तो नाही सापडला. एका जुन्या अल्बममध्ये मात्र सुरूच्या फांदीशेजारी दोन वेण्यांतली आई उभी होती. मागे नानांच्या अक्षरात 'नाताळ 1987'. नाना बोटीवर होते, हॅम्बुर्गपर्यंत जाऊन यायचे. फांदीवर लाल घंटा. मोबाइलवर फोटो काढला आणि झूम केला. काठाला टवका. त्याच जागी.

तो टवका पप्पांच्या हातून उडाला नव्हता. आई-पप्पांची तेव्हा ओळखही झाली नव्हती.

घरी आले तेव्हा आई आणि ताई कुलकुल करत बसल्या होत्या. मी काही न बोलता फोन आईसमोर धरला. तिने पिठाचा हात पदराला पुसला, फोटो बघितला आणि हसली.

"दोन वेण्या किती छान दिसायच्या नाही मला?"

"आई, घंटा."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या वर्षी होतं काय गं घरात? पाणी गेलं, गाळ राहिला. तिकडे कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता. फोनवर म्हणाले, यंदा काही पाठवता येणार नाही, पोरींना तूच काय ते सांग. मी काय सांगू? तू रोज फाटकात जाऊन बसायचीस, कुवेतहून कुणीतरी पार्सल घेऊन येईल म्हणून. मग मी माहेरी गेले. नानांनी घंटा काढून दिली. मी ती खोक्यात घातली, वर खाकी कागद गुंडाळला."

"आणि पप्पांना कधी सांगितलंस?"

"सांगितलंच नाही. राहूनच गेलं. पुढच्या वर्षी ते कायमचे परत आले आणि ट्रंक उघडल्या उघडल्या तुम्ही दोघी ओरडलात, पप्पा, ही तुम्ही पाठवलेली घंटा! त्यांनी घंटेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता काय बोलतात. तर म्हणाले, 'हो ना! अगं, तो दुकानदार भाव कमी करेल तर शपथ!' टवक्याचंही तिथल्या तिथे रचलं. मग दर वर्षी त्यात भर. एका वर्षी तर त्या दुकानदाराच्या मुलाचं लग्नही लावून टाकलं."

"तुम्ही दोघं यावर नंतर कधी बोललात?"

"कशाला बोलायचं?" आई पुन्हा कणकेची गोळी फणीवर दाबू लागली. "घंटा लावताना ते एकदा माझ्याकडे बघायचे. तेवढं पुरे होतं."

2006 ते 2022. सतरा नाताळ. आम्ही डोळे फिरवत ऐकलेली ती गोष्ट आमच्यासाठी नव्हतीच. समोरची एक बाई ऐकत होती आणि तिला दर वर्षी न बोलता थँक्यू मिळत होतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. आणि मग मला माझं कोष्टक आठवलं.

"आई, मग आंबा कुणाचा?"

"पप्पांचा! मी नको नको म्हणत होते, नाताळच्या झाडाला कुणी आंबा लावतं का? म्हणून तर किंमत लक्षात राहिली. पन्नास रुपये!"

दोन खुणा चुकलेल्या. किंमत आठवते म्हणजे वस्तू तिची, हे मी धरून चालले होते. घरातल्या हिशोबात ज्याला किंमत आठवते तो बहुतेक वेळा नको म्हणणारा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तुमच्याकडे कदाचित नाताळची ट्रंक नसेल. गणपतीच्या मखराचा खोका असेल, माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाचा सांगाडा असेल, रुखवतातली एखादी मण्यांची बाहुली असेल. तिची गोष्ट सांगणारं माणूस घरात असेल तर या वर्षी डोळे न फिरवता ऐका. तारखा जुळत नसतील तर खुशाल विचारा. मी पप्पांना एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कुवेतमधलं आणखी एक दुकान उघडलं असतं, हे मला माहीत आहे. तरी विचारायला हवं होतं.

ताई जानेवारीत गेली. ढोल तिच्या हॅंडबॅगेत गेला आणि आईने हट्टाने घंटाही दिली, लोकरीच्या टोपीत गुंडाळून. "मला इथे काय करायचीय? मला ती पाठ आहे," म्हणाली. आंबा, चांदणी आणि देवदूत ट्रंकेत राहिले. ते कोष्टकही मी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय. त्यात आंब्यापुढे खाडाखोड करून पप्पांचं नाव लिहिलं. घंटेच्या ओळीत मात्र आईच्या नावाखाली खूण केली आणि पप्पांच्या नावाखालची खोडली नाही.

कोड्याच्या नियमात हे बसत नाही. एका ओळीत एकच खूण चालते.