आधी पडायला शिका!

जवळा बाजारच्या माणसानं बर्फ पाहिलेला असतो तो दोनच ठिकाणी. एक रसवंतीवर आणि दुसरा टीव्हीवर! आमच्या घरची सहल म्हणजे औंढ्याचा नागनाथ. सकाळी जायचं, दर्शन घ्यायचं, दिवेलागणीला परत. त्यामुळे फेब्रुवारी 2024 मध्ये अण्णा जेवता जेवता म्हणाले, "हळदीनं हात दिलाय, चला एकदा बर्फ बघून येऊ," तेव्हा आईला वाटलं चेष्टाच करायलेत.

पण खरंच परभणीहून सचखंड एक्स्प्रेस पकडली. आई, अण्णा, धाकटा भाऊ आणि मी. भुसावळ सुटलं आणि रूममेटचा मेसेज आला, 'रिझल्ट लागला.' माझा एम-थ्री गेला होता. दहावी-बारावीत गावात पेढे वाटलेला मी... नापास! समोरच्या बर्थवर अण्णा एका पंजाबी काकांना सांगत होते, "ये हमारा लडका, इंजिनिअर हो रहा." मी मोबाईल खिशात टाकला. दिल्ली आली, मनालीची बस आली, पण तो मेसेज काही मी कुणाला दाखवला नाही.

मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवर सोलंग. नवशिक्यांना स्कीइंग शिकवतात ते इथेच. वाटेत दुकानांची रांग लागते, तिथे सूट आणि गमबूट भाड्यानं घ्यायचे. आईनं साडीवरच तो फुगीर सूट चढवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पदर कुठं खोचू?" दुकानदारासकट सगळे हसले.

शिकवणारा पोरगा माझ्याच वयाचा होता. आम्हाला त्यानं अगदी लहान उतारावर नेलं. पायांत जड बूट, बुटांना लांबलचक स्की. मला वाटलं आता पळायला शिकवेल. तर म्हणाला, "पहले गिरना सीखो!" तोल गेला तर हात टेकवून सावरायचं नाही, मनगट जातं. सरळ कुशीवर पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मग जोर लावायचा. नाहीतर उठता उठता पुन्हा घसरता. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. झालं. एवढाच सिलॅबस!

इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये उतारावरचा ठोकळा मी शंभर वेळा सोडवलाय. घर्षणानं बर्फावर पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि स्की घसरते, हेही वाचलं होतं. पण ठोकळा आपण स्वतः असलो की सगळी सूत्रं विसरायला होतात हो! मी पडायचं नाही म्हणून इतका ताठ उभा राहिलो की जागचा हललोच नाही.

अण्णांचं उलट. ते निघाले, चार हात गेले आणि धप्पदिशी आडवे. गावात ज्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नाही, ते अण्णा बर्फात लोळत खदाखदा हसायलेत! उठले, पुन्हा पडले. आई ओरडली, "अहो, गुडघ्याकडं बघा जरा!" पण ऐकतंय कोण? सातव्या-आठव्या वेळेला ते खालपर्यंत गेले आणि टोकं जवळ घेऊन बरोबर थांबले. भावानं शिट्टी मारली.

मग आम्ही चहा-मॅगीच्या टपरीवर बसलो. तो शिकवणारा पोरगाही होता. सांगत होता की अख्खा जानेवारी कोरडा गेला. बर्फच नाही, मग गिऱ्हाईक कुठलं? महिना संपता संपता पडला एकदाचा. सगळे रोज आभाळाकडे बघत बसायचे. अण्णा मान हलवत म्हणाले, "म्हणजे ह्यांचं बी आपल्यावाणीच." आमचा 2023 चा ऑगस्ट तसाच कोरडा गेला होता.

काय झालं माहीत नाही, पण मी तिथेच बोलून टाकलं. "अण्णा, माझा एक विषय राहिला."

चहाचा ग्लास त्यांच्या हातातच राहिला. "कवा कळलं?"

"गाडीत. भुसावळच्या पुढं."

बराच वेळ ते समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पहिला पाऊस दगा देतो. बी जळून जातं. मग शेत विकतो का आपण? दुबार पेरणी करतो. पण तीन दिवस एकट्यानं हे घेऊन फिरलास, ते काही बरं केलं नाहीस."

आईनं काही न बोलता तिची मॅगी माझ्यापुढे सरकवली. अण्णा उठले. "चल, तू अजून एकदा बी पडला नाहीस. पैसे भरलेत!"

त्या दुपारी मी किती वेळा पडलो ते मोजलं नाही. कुशीवर पडायचं, स्की आडव्या करायच्या, उठायचं. शेवटी एकदा खालपर्यंत गेलो. थांबता मात्र आलं नाही, सरळ अण्णांवर जाऊन आदळलो!

असो. उन्हाळी परीक्षेत एम-थ्री निघाला. काठावर, पण निघाला. आपल्या होस्टेलमध्ये रिझल्टच्या रात्री किती खोल्यांचे दिवे लवकर बंद होतात, ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या खोल्यांमधल्या दोस्तांना एवढंच सांगतो, मोबाईल खिशातून काढा आणि घरी फोन लावा. पलीकडच्या माणसानं आपल्यापेक्षा जास्त दुबार पेरण्या केलेल्या असतात.